उभ्या फोनची जन्मतारीख

मूकपटांत आणि जुन्या इंग्रजी बोलपटांत तो फोन आपण पाहिलेला असतो. टेबलावर गोल, जड बैठक. तिच्यावर फूटभर उंचीचा दांडा. दांड्याच्या टोकाला बोलण्यासाठी काळा पेला. आणि बाजूच्या आकड्याला टांगलेला, कानाला लावायचा लांबट रिसीव्हर. इंग्रजीत त्याला ‘कॅण्डलस्टिक’ म्हणजे मेणबत्तीचा स्टँड म्हणतात. मराठी माणसाला तो पाहून समई आठवते. अठराशे नव्वदीच्या दशकापासून १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतल्या आणि पुष्कळ अंशी ब्रिटनमधल्याही कचेऱ्यांचा हा नेहमीचा टेबलफोन होता. आज तो जुन्या वस्तूंच्या बाजारात विकला जातो आणि विकणारा त्याचे साल छातीठोकपणे सांगतो.

ते साल बहुधा चुकीचे असते. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या पुष्कळ उभ्या फोनांवर १६ ऑगस्ट १९०४ ही तारीख ठशाने उमटवलेली आढळते. विकणारा तिच्याकडे बोट दाखवतो, घेणारा समाधानाने मान डोलावतो आणि फोन ‘१९०४चा’ ठरतो. पण ती फोनच्या जन्माची तारीख नव्हे. फोनमधल्या एखाद्या रचनेचे पेटंट ज्या दिवशी मंजूर झाले, तो तो दिवस. अमेरिकी कायद्यानुसार पेटंटधारकाने वस्तूवर तशी खूण केली नाही, तर नक्कल करणाऱ्याकडून भरपाई मागताना त्याची बाजू लंगडी पडे. म्हणून कारखाने तारखा कोरत आणि एकदा ठसा तयार झाला की तोच वर्षानुवर्षे वापरत. त्या काळी पेटंटची मुदत मंजुरीपासून सतरा वर्षे होती. म्हणजे १९०४ची तारीख मिरवणारा फोन १९२० साली कारखान्यातून बाहेर पडला असला, तरी त्यात गैर काही नव्हते.

तेव्हा पहिला नियम असा की फोनवर अनेक तारखा असतील तर सर्वांत अलीकडची पाहावी. तो भाग त्या दिवसाआधी या रूपात बनलेला नसणार, एवढे नक्की कळते. किती नंतर बनला, ते मात्र ती सांगत नाही. दुसरी एक सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. १९२७ साली अमेरिकेत नियम बदलला आणि वस्तूवर पेटंटच्या तारखेऐवजी क्रमांक देणे आवश्यक झाले. त्यामुळे तारखांची यादी दिसली तर ठसा बहुधा त्याआधीचा, आणि नुसते क्रमांक दिसले तर त्यानंतरचा, असा अंदाज बांधता येतो.

पण या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. फोनला एक जन्मतारीख असते, ही ती गोष्ट. माझे म्हणणे असे की उभ्या फोनांच्या बाबतीत हे गृहीतच तपासून पाहायला हवे.

भाड्याची वस्तू

बेल कंपनीच्या सेवेत फोन ग्राहकाच्या मालकीचा नसे. तो कंपनीचा असे आणि ग्राहक सेवेचे भाडे भरी. ग्राहकाने घर सोडले की फोन परत जाई. कंपनीच्या दुरुस्तीखात्यात तो उघडला जाई, झिजलेला भाग काढून दुसरा बसवला जाई, नव्याने रंग दिला जाई आणि फोन दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या टेबलावर जाऊन उभा राही. पहिल्या फोनचा दांडा, दुसऱ्याचा ट्रान्समीटर आणि तिसऱ्याचा रिसीव्हर अशी जुळणी त्या खात्यात रोजचीच. भाग एकमेकांना बसावेत अशीच त्यांची घडण होती. आज ज्याला आपण एक पुरातन वस्तू म्हणतो, तो वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या भागांचा एकत्र संसार असतो.

म्हणून अभ्यासकाने फोनचे साल विचारू नये. प्रत्येक भागाचे साल विचारावे. त्यासाठी खुणा पुष्कळ आहेत.

नावापासून सुरुवात करू. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची दोन मूळ पेटंटे ७ मार्च १८७६ आणि ३० जानेवारी १८७७ची. त्यांची मुदत १८९३ आणि १८९४ मध्ये संपली आणि तोवर बेलच्या मुठीत असलेला धंदा खुला झाला. स्ट्रोमबर्ग-कार्लसन ही कंपनी १८९४ साली आणि केलॉग १८९७ साली, दोन्ही शिकागोत निघाल्या. स्ट्रोमबर्ग-कार्लसनचा मुक्काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोहून रॉचेस्टरला हलला. तेव्हा तिच्या नावापुढे कोणत्या शहराचे नाव कोरले आहे, हेही साक्षीदारच. खुद्द बेलच्या गोटात १८९९च्या अखेरीस मातृसंस्थेचा मान ‘अमेरिकन बेल’कडून ‘अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ’कडे गेला. ट्रान्समीटरवर ‘अमेरिकन बेलची मालमत्ता’ अशी अक्षरे असतील, तर तो ठसा एकोणिसाव्या शतकातला मानायला हरकत नाही.

नंतर पदार्थ. जुने रिसीव्हर एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. उन्हाने ते काळेपण सोडून तपकिरी-हिरवट होतात आणि कापडाने जोरात घासले की गंधकाचा वास येतो. बेकलाइटचा शोध लिओ बेकलंडने १९०७ मध्ये लावला आणि १९०९ मध्ये जगापुढे मांडला. घासल्यावर त्याला कार्बोलिकसारखा वास येतो. १९०४च्या फोनला बेकलाइटचा रिसीव्हर असेल, तर तो नंतर कोणीतरी बसवला आहे.

आता दांडा मुळात उभा का, तेही पाहू. अँथनी व्हाइट या बेलच्या अभियंत्याने १८९२ साली पेटंट घेतलेल्या ट्रान्समीटरमध्ये कार्बनचे बारीक कण एका छोट्या डबीत भरलेले असत. आवाजाच्या लहरींनी ते कमीअधिक दाबले जात आणि तारेतला विजेचा प्रवाह त्याप्रमाणे बदले. डबी सरळ उभी असली की हे काम नीट चाले. आडवीतिडवी झाली की कण एका बाजूला सरकत आणि आवाज बिघडे. स्वीडनच्या एरिक्सनने ऐकणे आणि बोलणे एकाच दांडीत असलेला टेबलफोन १८९२ मध्येच काढला होता. तरी लांबच्या पल्ल्याच्या स्पष्ट आवाजाला जपणाऱ्या बेल कंपनीने तसला हातफोन १९२७पर्यंत आपल्या ग्राहकांना दिला नाही. उभ्या फोनचे आयुष्य इतके लांबले ते यामुळे.

डायलपूर्वीचा आवाज

या फोनला सुरुवातीला डायल नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधल्या फळ्यावर दिवा लागे आणि बाईचा आवाज येई, ‘नंबर, प्लीज’. अगदी सुरुवातीला या कामावर मुलगे होते. त्यांचा आरडाओरडा आणि उद्धटपणा ग्राहकांना सोसेना. १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामाला लागली आणि थोड्याच काळात हे काम बायकांचेच झाले.

डायल जन्मली ती या बाईला वगळण्यासाठी. कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्रोजर नावाचा, अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा एक व्यावसायिक होता. एका ऑपरेटरचा नवरा त्याच्याच धंद्यातला प्रतिस्पर्धी होता आणि ती स्ट्रोजरची गिऱ्हाइके नवऱ्याकडे वळवी, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, स्ट्रोजरला १० मार्च १८९१ रोजी स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळाले आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी त्याचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. तेथे डायल नव्हती, कळी होत्या. नंबरातला आकडा जितका, तितक्या वेळा कळ दाबायची. ग्राहक मोजण्यात चुकत. १८९६ मध्ये अलेक्झांडर कीथ आणि एरिक्सन बंधू यांनी फिरणाऱ्या चकतीच्या पेटंटासाठी अर्ज केला. ते १८९८ मध्ये मंजूर झाले. त्या पहिल्या चकतीला भोके नव्हती, बोट अडकवण्यासाठी कडेने उभे दात होते. स्ट्रोजरच्या धंद्याला १९०१ मध्ये ‘ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक’ हे नाव आले. फोनवरच्या नावात ‘स्ट्रोजर’ आहे की ‘ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक’ आहे, तेही म्हणून पाहावे. त्यांच्या सुरुवातीच्या काही डायलींना दहाऐवजी अकरा भोके आढळतात. अकरावे लांबच्या पल्ल्याच्या जोडणीसाठी.

डायलचे काम तसे साधे आहे. बोटाने चकती अडणीपर्यंत आणली की आतली कमान आवळली जाते. बोट सोडले की कमान चकतीला परत ओढते. ती घाईने परतू नये म्हणून आत एक वेगनियंत्रक असतो आणि चकती साधारण सेकंदाला दहा ठोक्यांच्या चालीने मागे येते. एका ठोक्याला तारेतला प्रवाह एकदा तुटतो. तीनला तीन वेळा, नऊला नऊ वेळा, शून्याला दहा वेळा. ते ठोके कानात वाजू नयेत म्हणून चकती जागेवरून हलली की रिसीव्हर तेवढा वेळ बंद राहतो. पलीकडे एक्स्चेंजमधला स्विच ते ठोके मोजत पायऱ्या चढतो. जे काम बाई ऐकून करी, ते आता ग्राहकाचे बोट करू लागले.

बेल कंपनीने मात्र हे बराच काळ लांब ठेवले. आमच्या ऑपरेटरची सेवा यंत्रापेक्षा चांगली, असे तिचे म्हणणे होते. पहिल्या महायुद्धात मजुरी वाढली, ऑपरेटर मिळेनात आणि शहरांतले फोन तर वाढतच चालले. तेव्हा हिशेब बदलला. एप्रिल १९१९ मध्ये ज्यूलिया ओ’कॉनरच्या नेतृत्वाखाली न्यू इंग्लंडमधल्या सुमारे आठ हजार ऑपरेटर बायकांनी संप केला. सहा दिवसांत त्यांनी पगारवाढ पदरात पाडून घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरात बेलच्या सेवेतले पहिले मोठे डायल एक्स्चेंज सुरू झाले. संपामुळे डायल आली असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण स्वयंचलनाचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. पण दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत, हे डायलचे साल शोधणाऱ्याने विसरू नये.

शहराची तारीख

येथे फोनच्या सालाचा प्रश्न वेगळेच वळण घेतो. बेलच्या फोनवर डायल कधी आली, हे फोनवर अवलंबून नव्हते; त्या शहरातले एक्स्चेंज कधी बदलले, यावर होते. नॉरफोकमध्ये १९१९, न्यूयॉर्कमध्ये ‘पेनसिल्व्हेनिया’ हे एक्स्चेंज ऑक्टोबर १९२२, कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोमध्ये १९२७. फ्रेझ्नोच्या लोकांसाठी कंपनीने डायल कशी फिरवायची हे शिकवणारा एक मूकपटही काढला होता. म्हणजे बोटाने आकडा फिरवणे हीसुद्धा एकेकाळी शिकण्याची गोष्ट होती.

वेस्टर्न इलेक्ट्रिकचे २०-एएल आणि ४०-एएल हे उभे फोन बिनडायलचे. ५०-एएल आणि ५१-एएल डायलचे. त्यांवरची मूळची डायल ‘नंबर २’ प्रकारची असते. नंबर ४, ५, ६ या नंतरच्या आणि नंबर ७ तर १९४९च्या ‘मॉडेल ५००’सोबतची. उभ्या फोनवर नंबर ६ दिसली, तर डायल नंतर बदलली आहे किंवा एखाद्या शौकीन माणसाने ती बसवली आहे. बिनडायलच्या फोनला नंतर डायल बसवली असेल, तर बैठकीला पाडलेल्या भोकाची कड पाहावी. कारखान्यात घडलेल्या भोकाच्या आतल्या कडेवरही रंग असतो. नंतर कापलेल्या भोकाची कड उघड्या पितळेची किंवा लोखंडाची असते. ब्रिटिश टपालखात्याच्या १९२४ मध्ये आलेल्या ‘टेलिफोन नंबर १५०’ मध्ये आणखी एक गंमत आहे. जेथे स्वयंचलित एक्स्चेंज अजून आले नव्हते, तेथे डायलच्या जागी तेवढ्याच आकाराची रिकामी चकती बसवत. ती चकती अजूनही जागेवर असलेला फोन म्हणजे वाट पाहत राहिलेल्या एखाद्या गावाचा फोन.

डायलवरची अक्षरेही बोलतात. मोठ्या शहरांत नंबर लांब होणार आणि तो लक्षात राहणार नाही, म्हणून आकड्यांच्या जोडीला अक्षरे देण्याची योजना एटी अँड टीच्या डब्ल्यू. जी. ब्लॉव्हेल्टने १९१७ मध्ये केली. एक्स्चेंजच्या नावाची पहिली तीन अक्षरे आणि पुढे चार आकडे, असा न्यूयॉर्कचा नंबर झाला. डिसेंबर १९३०मध्ये तेथे दोन अक्षरे आणि पाच आकडे आले. डायलच्या मधोमध नंबराचे छोटे कार्ड असते. त्यावर तीन अक्षरे ठळक आणि पुढे चार आकडे असतील, तर ते कार्ड न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर १९२२ ते डिसेंबर १९३० याच काळातले. ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाने १९४० साली गाजवलेल्या गाण्याच्या नावात ‘पेनसिल्व्हेनिया ६-५०००’ असा नंबर आहे. तो दुसऱ्या पद्धतीचा.

अमेरिकी डायलवर ‘ओ’ हे अक्षर सहाच्या भोकात असते. लंडनचे पहिले डिरेक्टर पद्धतीचे एक्स्चेंज, होबर्न, नोव्हेंबर १९२७ मध्ये सुरू झाले आणि ब्रिटिश डायलवर ‘ओ’ शून्याच्या भोकात गेला. स्वीडनच्या डायलवर शून्य पहिले, म्हणजे शून्याला एकच ठोका. न्यूझीलंडच्या डायलवर आकडे उलट्या क्रमाने, त्यामुळे ब्रिटनच्या ‘९९९’ या आणीबाणीच्या नंबराइतकेच ठोके तेथे ‘१११’ फिरवले की पडतात. या सगळ्या जुन्या डायलींत ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांची परवड झालेली दिसते. अमेरिकी डायलवर सातच्या भोकात पी, आर, एस एवढेच असतात. सातवर पी, क्यू, आर, एस आणि नऊवर डब्ल्यू, एक्स, वाय, झेड अशी चार-चार अक्षरे दिसली, तर ती मांडणी आपल्या मोबाइलची आहे. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर चकचकीत पितळी ‘अँटिक’ फोन रांगेने मांडलेले असतात. ते उचलून पाहणाऱ्याने आधी त्यांची डायल वाचावी. वजन, वास आणि अक्षरे या तीन गोष्टींत बहुतेकांचे पितळ उघडे पडते.

साल कसे लिहावे

आता समजा, एक उभा फोन समोर आहे. गळ्यावरच्या पेटंटांत सर्वांत अलीकडची तारीख १९१३ची. रिसीव्हर बेकलाइटचा. बैठकीला कापून बसवलेली नंबर २ डायल. कार्डावर तीन अक्षरे आणि चार आकडे, न्यूयॉर्कचे. या फोनचे साल काय? दांडा १९१३ किंवा त्यानंतरचा. रिसीव्हर १९०९ नंतरचा. डायल १९१९च्या आगेमागे किंवा त्यानंतर. आणि कार्ड १९२२ ते १९३०. कार्ड बदलायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून त्याची साक्ष सर्वांत कच्ची. या चार ओळी हेच उत्तर. एका सालात ते बसवायचा हट्ट धरला, तर चारपैकी तीन खुणा खोट्या ठरवाव्या लागतात.

आणि नेमके हेच होते. संग्राहकाला ‘मूळ रूपातला’ फोन हवा असतो. मग नंतरची डायल काढून टाकली जाते, भोक बुजवले जाते, काळा रंग खरवडून पितळ उजळवले जाते. फोन १९१३चा दिसू लागतो. पण त्या भोकात एक गोष्ट नोंदलेली होती. ‘नंबर, प्लीज’ म्हणणारी एक बाई एका ठरावीक दिवशी एका ठरावीक शहरात गप्प झाली आणि तिचे काम कोणा कारकुनाच्या बोटाकडे गेले. त्या बदलाची हकिगत कंपन्यांच्या अहवालांत सापडेल. पण ती टेबलावर प्रत्यक्ष कशी घडली, हे दाखवणारी वस्तू ही एवढीच. दुरुस्तीखात्यातल्या ज्या कामगाराने ते भोक पाडले, त्याचे नाव कोठेही नाही. त्याच्या करवतीची खूण मात्र आहे.

म्हणून जुना उभा फोन हाती आला, तर घाईने पॉलिश मागवू नये. आधी तो उघडावा, प्रत्येक भागावरचे ठसे कागदावर उतरवून घ्यावेत, भोकाची कड पाहावी, कार्ड काढून त्याची मागची बाजू वाचावी. बरेचदा जुन्या कार्डाखाली त्याहून जुने कार्ड निघते. मग साल लिहावे, आणि एकापेक्षा जास्त सालांची वेळ आली तर तितकी सगळी लिहावीत.